पुट्टी की पत्रा?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी तेलुगू, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत सोलापुरी मराठी, अशी माझी भाषेची भेळ आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. गेल्या वर्षी मी इंग्रजी विभागात लिहिलं होतं. या वेळी मराठीत लिहायचं कारण एवढंच की, ज्या माणसाकडून मी हे सगळं शिकले त्याला हा लेख वाचून दाखवायचा आहे आणि त्याला इंग्रजी येत नाही.

विषय आहे गंजलेल्या पिकअपची केबिन दुरुस्त करणे. हसू नका! आपण तीन वर्षं 'करोजन' हा शब्द परीक्षेपुरता वाचला. पाच मार्कांची टीप लिहिली की विषय संपला. माझ्यासाठी तो पप्पांच्या पायाखाली निघाला.

आमच्याकडे एक जुनी पिकअप आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांमधून टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवायचे, कधी थेट हैदराबादपर्यंत न्यायचे, हा पप्पांचा धंदा. घर त्या गाडीवर चालतं. माझी फीसुद्धा. गाडी सेकंडहँड आहे आणि कोकणातून आलेली आहे. आधीचा मालक तिच्यातून बर्फात घातलेली मासळी वाहायचा. गाडी घेताना इंजिन नीट बघितलं, टायर बघितले, कागद बघितले. पत्रा कोण बघतो? वरून पांढरा रंग चकाचक होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेले दिसले. मी म्हटलं, पप्पा, मेकॅनिकलची पोरगी घरात असताना गॅरेजला पैसे कशाला द्यायचे? पॉलिश पेपरने घासलं, दोन भोकं पडली होती ती पुट्टीने भरली, परत घासलं आणि पांढऱ्या स्प्रेचा डबा मारला. इतकं छान दिसत होतं की पप्पांनी सगळ्या स्टँडवर दाखवलं, "पोरीनं केलंय!"

जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि तिथेच, पण आधीपेक्षा दुप्पट जागेत, फोड आले. अंगठ्याने दाबलं तर पुट्टीचा आख्खा तुकडा आत गेला. त्याच आठवड्यात पप्पांनी क्लच दाबताना टाच टेकली आणि रबरी मॅट खाली गेली. मॅट उचलली तर खालून रस्ता दिसत होता. पप्पा काही बोलले नाहीत. मॅट परत टाकली, तिच्याखाली एक प्लायवूडचा तुकडा ठेवला आणि माल घेऊन गेले. मला रात्रभर ती टाच दिसत होती.

शिवाय ऑगस्टमध्ये पासिंग होतं. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं. आमच्या गाडीने ती आठ वर्षं कधीच ओलांडलेली.

जुन्या पुणे नाक्याकडे पत्र्याचं काम करणारे एक चाचा आहेत. वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, माझ्या पुट्टीपाशी थांबले.

"हे कुणी भरलंय?"

"मी," म्हटलं.

"तू इंजिनिअर व्हायलीस ना बेटा? मग सांग, जिथं पत्राच नाही तिथं पुट्टी कशाला धरंल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण खरं सांगायचं तर उत्तर मी बारावीला प्रॅक्टिकलमध्ये बघितलेलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं.

पाण्याचा एक थेंब

तो प्रयोग तुम्हीही केला असेल किंवा निदान जर्नलमध्ये उतरवून काढला असेल. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन मिसळलेलं असतं. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग येतो, कडेला गुलाबी कडं येतं आणि दोघांच्या मधे तपकिरी गंजाची रिंग बसते. केंब्रिजच्या यु. आर. इव्हान्स यांच्या नावाने हा थेंब ओळखला जातो.

निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे तिथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड तयार करतायत. आता गंमत बघा. कडेला थेंब पातळ, तिथे ऑक्सिजन भरपूर. मध्यभागी थेंब जाड, तिथे ऑक्सिजन कमी. आपल्याला वाटतं, जिथे हवा जास्त तिथे लोखंड जास्त खाल्लं जाईल. होतं उलटं! हवा मिळणारी जागा कॅथोड होते आणि हवा न मिळणारी, झाकलेली जागा ॲनोड होऊन खड्डा पडतो. तपकिरी गंज दिसतो मात्र खड्ड्याच्या बाजूला.

माझी दिवाळीतली दुरुस्ती म्हणजे हाच थेंब होता. पुट्टीखाली उरलेला गंज, त्यात अडकलेलं कोकणातलं मीठ आणि ओल, वरून झाकण. मी पत्र्याला औषध लावलं नव्हतं, ॲनोड तयार करून दिला होता. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो खालून पुट्टीला ढकलतो आणि फोड येतो. फोड दिसेपर्यंत खालचं काम झालेलं असतं.

इथे कुणी विचारेल, सोलापुरात एवढा गंज कशाला येईल? आपल्याकडे पाऊस तो किती, आणि उन्हाळ्यात तर तोंडाला फेस येतो. प्रश्न बरोबर आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारसं गंजत नाही आणि आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने ती त्याहून कमीच असते. पण मीठ हवेतली ओल त्याहून कमी आर्द्रतेलाही धरून ठेवतं. आणि मुख्य म्हणजे पत्र्याला सोलापूरची हवा लागतच नाही. मॅटखालच्या फोमला, दरवाजाच्या पोटाला, पायदानाच्या पोकळीला स्वतःचं हवामान असतं. बाहेर एप्रिल असताना आत श्रावण चालू असतो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

मला वाटलं चाचा लगेच ग्राइंडर काढतील. त्यांनी आधी लोहचुंबक काढला. स्पीकरमधून निघालेला, फडक्यात गुंडाळलेला. तो पत्र्यावरून हळूहळू फिरवायचा. जिथे पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे. मग एक दाभण घेऊन संशयाची प्रत्येक जागा टोचायची. चांगला पत्रा दाभणाला दाद देत नाही. गंजलेला कुरकुरतो. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. चाचांनी खडूने जे आकार काढले ते बघून माझ्या पोटात गोळा आला. माझे दोन फोड आणि टाचेखालचं एक भोक एवढंच आपलं काम, असं मी धरून चालले होते. खडूचे आकार सात होते.

वर्कशॉपमधून मी व्हर्नियर आणला होता. कापताना मोजलं तेव्हा चांगल्या जागी केबिनच्या फरशीचा पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे २० गेज. गंजाच्या कडेला ०.४. मधे काहीच नाही.

मग पाणी. हे काम करायला दोघं लागतात. सगळं फोम, मॅट, सीट काढून केबिनची फरशी कोरडी पुसून घेतली. चाचा म्हणाले, "घरून रांगोळी आण." मला वाटलं चेष्टा करतायत. पण फरशीवर आणि डॅशबोर्डखाली कोरडी रांगोळी भुरभुरली, मी टॉर्च घेऊन आत बसले आणि त्यांच्या पोऱ्याने बाहेरून होजपाइपने पाणी सोडलं. खालून वर जायचं, आधी दरवाजा, मग काचेची खालची कड, शेवटी छप्पर. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर काहीच कळत नाही. पाच मिनिटांनी रांगोळीत एक करडी रेघ उमटली. समोरच्या काचेच्या रबराचा डावीकडचा खालचा कोपरा, तिथून वायरिंगच्या जुडग्यावरून, थेट क्लचच्या पेडलखाली. म्हणजे फरशीला भोक पडलं होतं टाचेखाली, पण रोग होता काचेच्या कोपऱ्यात. नुसती फरशी जोडली असती तर पुढच्या वर्षी परत हेच.

दरवाजाची गोष्ट वेगळी निघाली. दरवाजात पाणी जाणारच, काच वर-खाली होते त्या फटीतून ते जातंच. त्यासाठीच दरवाजाच्या तळाला छोटी भोकं ठेवलेली असतात, पाणी निघून जायला. आमच्या दरवाजाची ती भोकं बंद होती. कशाने? आतून बोट घातलं तर राखाडी नमद्यासारखा गोळा हाताला लागला. टॉवेलचा फ्लफ! पप्पा सॅम्पलचे सुटे टॉवेल केबिनमध्ये सीटवर ठेवतात. त्यांचे तंतू वर्षानुवर्षं काचेच्या फटीतून खाली पडले, धूळ त्यात मिसळली आणि वातीसारखी ओल धरून बसली. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, आता सोलापुरी गंजालाही मिळायला हरकत नाही.

त्याच दरवाजाच्या बाहेर, खिडकीखाली, एक लालसर ओघळ कायमचा होता. तो गंजाचा नव्हता, क्लीनरच्या गुटख्याचा होता. यावरून आठवलं म्हणून सांगते. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या उभ्या दांड्यांच्या पायथ्याशी लोक इतकं थुंकले की तिथलं पोलादी आवरण झिजून निम्म्यावर आलं आणि शेवटी त्यावर फायबरग्लासचं झाकण बसवावं लागलं. १९४३ साली सुरू झालेला पूल, रोज लाखो माणसं पेलतो, आणि त्याला त्रास कशाचा, तर पानाचा. क्लीनरला ही गोष्ट सांगितली. तो आता दुसऱ्या खिडकीतून थुंकतो.

कापणं

गंज किती कापायचा? चाचांचा नियम सोपा आहे. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी दोन बोटं. मला प्रत्येक वेळी वाटायचं, बास की, एवढं कशाला. चाचा म्हणायचे, "पातळ पत्र्याला टाका धरत नाही. जळून भोक पडंल, मग आणखी कापावं लागंल. आत्ताच काप."

कापलेल्या तुकड्याचे कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत, गोल करायचे. हे मात्र मला थिअरीतून माहीत होतं. टोकदार कोपऱ्यापाशी ताण एकवटतो आणि तिथून भेग सुरू होते. चाचांना 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन' माहीत नव्हतं, पण ते चाळीस वर्षं कोपरे गोलच कापत आले होते. "चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून उसवतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

पायदानाची पोकळी कापली तेव्हा आतून फोमचा थर आणि वर्तमानपत्राचे बोळे निघाले. कुठल्या तरी गॅरेजवाल्याने भोकात कागद कोंबून वर पुट्टी फासली होती. अक्षरं अजून वाचता येत होती. मला राग आला, पण लगेच आठवलं की दिवाळीत मी काय केलं होतं. माझ्याकडे कागद नव्हता, एवढाच फरक.

सगळ्याच गंजावर ठिगळ लावता येत नाही, हे इथे ठळक सांगायला हवं. सीटबेल्टचा बोल्ट बसतो ती जागा, दरवाजाच्या बिजागरीचा खांब आणि केबिन चॅसिसवर टेकते ते बैठकीचे भाग, यांच्यावर माणसाचा जीव असतो. चाचांनी आधी हे तिन्ही तपासले. ते शाबूत होते म्हणून काम हातात घेतलं. ते गेले असते तर आख्खा भाग नवीन घालावा लागला असता आणि कदाचित केबिनच बदलावी लागली असती. अशा ठिकाणी रिव्हेट मारून पत्रा ठोकणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

ठिगळाचा आकार काढायला जाड लग्नपत्रिका सगळ्यात उत्तम. भोकावर धरायची, कडेने बोट फिरवायचं, ठसा उमटतो, त्यावरून पत्रा कापायचा. फरशीला २० गेज आणि दरवाजाला थोडा पातळ २२ गेज. दुकानात सीआर शीट मागायची, म्हणजे कोल्ड रोल्ड. मी हुशारी करून म्हटलं, जीआय पत्रा का नको, त्यावर जस्ताचा थर असतो, गंजणारच नाही! चाचा म्हणाले, "वेल्डिंग करताना त्याचा धूर खा, मग रात्री थंडी वाजून ताप येतो का नाही बघ." ते खरं आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला १५०० च्या आसपास तापमान लागतं, म्हणजे पत्रा जोडला जाण्याआधी जस्ताची वाफ झालेली असते. तो धूर छातीत गेला की खरोखर ताप येतो. जीआय वापरायचाच असेल तर कडेचं जस्त घासून काढावं लागतं.

टाके

आता माझ्या फजितीचा भाग. चाचांकडे पूर्वी गॅस वेल्डिंग होतं, आता सीओटू मशीन आहे, ०.८ मिलिमीटर वायरचं. त्यांनी मला दरवाजाच्या एका सरळ ठिगळावर हात साफ करायला दिला. मी एका टोकाला सुरुवात केली आणि शिवणयंत्रासारखी रेघ ओढत निघाले. रेघ सुरेख आली. पत्रा मात्र पापडासारखा वर-खाली झाला.

घरी जाऊन गणित केलं. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. माझी रेघ ३०० मिलिमीटर लांब होती. तिच्या शेजारचा पत्रा ४०० अंशांनी तापला असं धरलं, तर वाढ होते जवळजवळ दीड मिलिमीटर. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला दीड मिलिमीटर जायला जागा कुठे? चारी बाजूंनी थंड पत्र्याने धरलेलं असतं. मग तो फुगतो, आणि निवताना जोड आकसतो तेव्हा उरलेलं ओढून घेतो.

चाचांची पद्धत अशी. एक ठिपका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा कोपऱ्यात. दोन ठिपक्यांत सुरुवातीला दोन-तीन बोटांचं अंतर. मग थांबायचं, चहा प्यायचा. हात लावून बघायचा, चटका बसत नसेल तरच पुढचा ठिपका. असं करत करत सगळे ठिपके एकमेकांना मिळवायचे. एका ठिगळाला दीड तास लागतो. मी ती रेघ चार मिनिटांत मारली होती, आणि ती सरळ करायला चाचांना हातोडा आणि डॉली घेऊन दुपार लागली. त्या दुपारचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण चहा मला आणायला लावला.

जिथे दिसतं तिथे ठिगळ कडेला कड लावून जोडायचं. फरशीत, जिथे दिसत नाही, तिथे एकावर एक चढवून जोडलं तरी चालतं, पण चढवलेल्या दोन पत्र्यांमधली फट म्हणजे परत इव्हान्सचा थेंब. म्हणून ती दोन्ही बाजूंनी सीलंटने बुजवायची.

दिल्लीचा खांब आणि आमचा दरवाजा

जोड घासून झाल्यावर वायर ब्रशनेही न निघणारा, खड्ड्यांच्या तळाशी राहिलेला थोडा गंज उरतोच. त्यावर फॉस्फोरिक ॲसिड असलेलं द्रावण लावतात. गंजाचं रूपांतर लोह फॉस्फेटच्या काळसर थरात होतं. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ तुम्ही सहलीत बघितला असेल, सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच संशोधन केलं. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचा एक पातळ, घट्ट, राखणारा थर बसला. आमच्या दरवाजाला १६०० वर्षांची अपेक्षा नाही, माझं शिक्षण होईपर्यंत टिकला तरी पुरे. जास्तीचं ॲसिड मात्र ओल्या फडक्याने पुसून लगेच वाळवायचं, नाहीतर वरचा प्रायमर धरत नाही.

प्रायमरवरून आमचं भांडण झालं. चाचा आयुष्यभर रेड ऑक्साइड मारत आले. मी म्हटलं, एपॉक्सी मारू या, ओल आत जाऊ देत नाही. ते म्हणाले, महाग आहे. मी माझ्या खाऊच्या पैशातून डबा आणला. दुसरं भांडण पुट्टी घासण्यावरून. सगळ्या गॅरेजमध्ये वॉटर पेपर आणि पाणी घेऊन पुट्टी घासतात, धूळ उडत नाही म्हणून. पण पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी पिते. ते पाणी रंगाखाली कोंडून ठेवायचं आणि मग वर्षभराने फोड आले म्हणून कपाळाला हात लावायचा! मी वाळलेल्या पुट्टीचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला आणि सकाळी चाचांना कागदावर दाबून ओला डाग दाखवला. ते बराच वेळ तो डाग बघत होते. मग पोऱ्याला म्हणाले, "सुकाच घास रे. मास्क लाव."

म्हणजे शेवटी पुट्टी वापरलीच का? हो, वापरली. पण पूर्ण पत्र्यावर, एपॉक्सीच्या वर, नुसती खरबड झाकण्यापुरती, कुठेही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. वरचा रंग पीयू मारला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला फार वाईट. चाचा इतकी वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून रंग मारत होते, आणि त्यांचा खोकला मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते. कार्बन फिल्टरचा मास्क आणून दिला. लावला त्यांनी, पण पहिल्या दिवशी चारदा काढला.

राहिली आतली बाजू. कारखान्यात नवी केबिन रंगाच्या टाकीत आख्खी बुडवतात आणि वीज सोडून कोपऱ्याकोपऱ्यात प्रायमर बसवतात. आपल्याला ते जमणार नाही, आणि वेल्डिंगने ठिगळाच्या मागचा रंग जळालेलाच असतो. म्हणून दरवाजाच्या आणि पायदानाच्या पोटात लांब नळीने पातळ मेण फवारलं. ते सांध्यांत झिरपतं. पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, हे मेण वाळायच्या आत तारेने बघायचं. पाच मिनिटांचं काम, पण हेच विसरलं तर वरची सगळी मेहनत दरवाजातल्या तळ्यात बुडते. काचेचं रबर नवीन घातलं. या सगळ्या प्रकरणातली तीच सगळ्यात स्वस्त वस्तू होती.

ऑगस्टमध्ये पासिंग झालं. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, त्याची मी वाट बघत होते. एका रात्री धो धो कोसळला. सकाळी सहाला मी खाली जाऊन मॅट उचलली. आदल्या रात्री पप्पांना न सांगता टाकलेली रांगोळी जशीच्या तशी कोरडी होती. मागून पप्पा आले, काही न बोलता दरवाजाच्या खाली वाकले आणि सायकलचा एक जुना स्पोक भोकात घालून फिरवला. तो स्पोक आता आरशाला लटकवलेला असतो, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

हा लेख संपादकांना देण्याआधी चाचांना वाचून दाखवला. दिल्लीच्या खांबाचं त्यांना आवडलं. क्लीनरचं ऐकून हसले. मग म्हणाले, "सगळं लिहिलंस, पण वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढायची, ते कुठं लिहिलंय? ती नाही काढली तर अल्टरनेटर जातो. आणि फरशीखालून डिझेलचा पाइप जातो. तो बाजूला बांधायचा, ओलं पोतं टाकायचं, पाण्याची बादली जवळ ठेवायची. हे वाचून एखादं पोरगं घरी वेल्डिंग करायला बसंल की. आधी ते लिही."

म्हणून लिहिलं.